सावंतवाडीची लाल चोखणी

लाइन आळी, पनवेल
९ नोव्हेंबर १९९३

चि. अविनाश,

ताईचा तुला, दिपाला आणि नव्या पाहुणीला पोटभर आशीर्वाद. परवा दिपाच्या माहेराहून, नेऱ्याहून पेढे आले. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच रडले. आनंदानेच रे. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारलं, “रंगान कोनावर गेली?” मी म्हटलं, मामावर जाऊ दे, आत्यावर जाऊ दे, बापावर नको म्हणजे झालं. तुझं ते पोपटासारखं नाक त्या बिचारीला कशाला!

कुडाळहून तुझं कार्ड कालच मिळालं. बारसं तुझ्या रजेप्रमाणे पुढे ढकललंत ते बरं केलंत. रेल्वेच्या कामावर साहेब लोक सुट्टी देताना जीव काढतात, हे दाजी तुझे नेहमी सांगतात.

आता तू मागितलेल्या खेळण्यांबद्दल. ती थैली मला पाठवता येणार नाही, अविनाश.

रागावू नकोस. मला सगळं आठवतंय. मे महिन्यात तू सावंतवाडीहून ती हौसेने आणलीस, आणि दिपाच्या आईने दारातच तुझी हजेरी घेतली, की मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी कोरी वस्तू घरात आणतात का? पहिलं झबलंसुद्धा दुसऱ्या पोराच्या अंगचं घालतात, आणि हा निघाला पोतंभर खेळणी घेऊन! मग तू तोंड पाडून आमच्याकडे आलास आणि म्हणालास, “ताई, प्रितमला वापरू दे. जुनी झाली की माझ्या बाळाला.” आम्ही किती हसलो होतो तेव्हा. पण ती आता नाहीत. खुळखुळा फुटला, चोखणी हरवली, बाकीची कुठे गेली मला ठाऊक नाही. घरात लहान मूल असलं की असंच होतं.

तू नवीन घे. तुला सावंतवाडी जवळच आहे. पण कशी घ्यायची ते मी सांगते तसंच कर, त्यात तुझी अक्कल चालवू नकोस. आमच्या शेजारच्या कमळाबाईंचं माहेर सावंतवाडीचं, त्यांना मी खोदून खोदून विचारलंय. स्टँडबाहेर टोपलीत मांडून विकतात त्यातलं घ्यायचं नाही. थेट चितारआळीत जा. जिथे मागे काम चालू असेल आणि ते तुला आत येऊन बघू देतील, तिथूनच घे. लाकूड चाकावर फिरत असतं आणि त्यावर लाखेची कांडी दाबून धरतात. घासून ऊब येते, तिने रंग विरघळतो आणि लाकडात बसतो. ब्रशने फासलेला रंग वेगळा. तो चकचकतो जास्त, पण वास मारतो. पांढरा रुमाल ओला करून जोरात पूस. रुमालाला काही लागलं की ठेव खाली आणि चालू लाग. नखाने खरवडून बघ. दुकानदार रागावला तर रागावू दे.

गावाचं नाव खाली छापलेलं असलं म्हणजे वस्तू त्या गावची असते, असं समजू नकोस. नाव काय, कुणीही छापतं.

प्रितम जरा किरकिर करतो आहे. दात येताहेत, त्यात पोट बिघडलंय. मुंबईला दाखवायला नेणार आहोत, उगाच खात्री करून घ्यायला. दिपाला यातलं काही कळवू नकोस, बाळंतिणीच्या कानावर दुखण्याबिखण्याचं घालू नये.

तुझी
ताई

ता. क. : ज्या माणसाकडून तू मेमध्ये घेतलीस त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. तुला माझ्या गळ्याची शपथ आहे. का ते विचारू नकोस.


मुंबई
१७ नोव्हेंबर १९९३

अविनाश,

तुझं पत्र यांनी पनवेलहून येताना आणलं. मी ते इस्पितळाच्या बाकावर बसून वाचलं. तू लिहितोस, “ताई, तू तर कस्टमवाल्यांसारखी तपासणी सांगितलीस! खरं सांग, प्रितमने चोखून चोखून रंग घालवला म्हणून लाजतेस ना? गेला तर गेला, त्यानेच तर जुनी झाली म्हणायची. आणि तो स्टँडवरचा माणूस चांगला आहे गं, मला दोन भोवरे वर दिले होते त्याने. येत्या रविवारी त्याच्याकडूनच तसलाच दुसरा संच घेतो. शपथ तुझी तुला परत.”

मी पत्र तसंच मुठीत धरून उठले. खाली जाऊन बूथवरून तुमच्या कॅम्पला फोन लावला. कुणीतरी साहेबाने उचलला, कोण पाहिजे म्हणून खेकसला, आणि मी फोन ठेवून दिला. काय सांगणार होते त्याला? म्हणून हे पत्र. तुमच्या कामावरचा काशिराम गावी आला होता, तो आज परत निघालाय. त्याच्या हाती देते आहे, म्हणजे रविवारच्या आधी तुला मिळेल. आता उभ्याने वाचत असशील तर आधी बस.

प्रितमच्या रक्तात शिसं आहे. ते त्या खेळण्यांच्या रंगातून गेलंय.

लिहिलं एकदाचं.

गणपतीपासूनच त्याचं बिनसलं होतं. तू पाहिलं होतंस ना, खाटेला धरून उभा राहायचा आणि “मा, मा” करून टाळ्या पिटायचा? ते हळूहळू थांबलं. जेवण नको, पोट गच्च, रंग पिवळट. पनवेलला जंताचं औषध झालं, टॉनिक झालं. सासूबाईंनी मिरच्या-मोहऱ्यांनी रोज दृष्ट काढली. सगळे म्हणाले, दात. मीही म्हणाले दात. तुला लिहिलं तेव्हा मात्र मला माहीत होतं. तेव्हा आम्ही मुंबईला जाऊन आलो होतो. “नेणार आहोत” असं खोटंच लिहिलं.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा एक्सरे काढला. त्यात बारीक बारीक पांढरे ठिपके दिसले, रवा सांडल्यासारखे. त्यांनी विचारलं, हा खातो काय? मी सांगितलं, मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व. त्या म्हणाल्या, खातो ते नाही, तोंडात काय घालतो? आणि त्यांनी त्याचा हात वर उचलला. मनगटाला काळ्या दोऱ्याने ती लाल चोखणी बांधलेली होती. मीच बांधली होती रे, हरवू नये म्हणून. तुझ्या बाळाची वस्तू, सांभाळून वापरायला हवी म्हणून. त्यांनी कात्रीने दोरा कापला, नखाने खरवडलं, तर रंगाचा पापुद्राच निघाला आणि खाली उघडं लाकूड. असले किती पापुद्रे त्याच्या पोटात गेले असतील देव जाणे.

कमळाबाईंना नंतर खुळखुळा दाखवला, तो फुटला हेही मी खोटंच लिहिलं होतं. त्यांनी हातात घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, “ही आमच्या गावची वस्तू न्हय.” कुठून आणून कुणी रंग फासून विकली, आता कसं कळणार? तू गाव बघून घेतलीस, माणूस हसरा बघून घेतलीस. तुझ्या जागी मी असते तर मीही घेतली असती.

आता मी तुला न सांगण्याचं कारण सांगते. तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू तडक नेऱ्याला जाऊन दिपासमोर डोकं आपटून घेतलं असतंस, आणि त्या ओल्या बाळंतिणीने धसका घेतला असता. दुसरं कारण सासूबाई. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकून त्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर ओरडल्या, “शिसा नाय न काय नाय! त्याच्या पोरीची बला आमच्या पोरानं घेतली. जुना करायला दिलता म्हने! आमी काय येडे हाव?” हे त्यांना गप्प करायला धावले. मी धावले नाही. मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, खरंच आहे की. वस्तू जुनी करायची म्हणजे काय, नाहीतर? जे काही वाईट असेल ते आधी दुसऱ्याच्या पोराने अंगावर घ्यायचं. आपण हसत हसत तेच केलं. फक्त ते वाईट खरंखुरं होतं, डब्यातल्या रंगातलं.

मला तुझा राग येतो, अविनाश. सकाळी येतो, दुपारी जातो. मग तुझी मुलगी डोळ्यासमोर येते, ती गोरीगोमटी तोंडात बोट घालून झोपलेली असेल, आणि वाटतं, बरं झालं तिला नाही काही. लगेच दुसरा विचार येतो, तिला नाही म्हणून माझ्या पोराला. या विचाराची मला फार भीती वाटते. सख्ख्या भाचीबद्दल असं मनात येणारी बाई मी नव्हते.

शुक्रवारी त्याला झटका आला. माझ्या मांडीवरच. डोळे फिरवले, मूठ आवळली आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. मी किंचाळले ते मला नंतर यांनी सांगितलं. तेव्हापासून त्याला इंजेक्शनं चालू आहेत. ती रक्तातलं शिसं बाहेर काढतात म्हणे, पण फार दुखतात, नर्स दिसली की तो ओठ काढतो. ओठ काढतो याचंही मला बरं वाटतं, निदान ओळखतो तरी. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पहिल्यासारखा होईल ना? त्या चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, जीव वाचेल असं वाटतं, डोक्यावर किती परिणाम झालाय ते तो मोठा होईल तसं कळेल. म्हणजे मी आता वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघत बसायचं. चालायला उशीर झाला की घाबरायचं. पाढे चुकला की घाबरायचं.

तू काय करायचं ते ऐक. रविवारी त्या माणसाला गाठ. मारामारी करू नकोस, त्यालाही कदाचित माहीत नसेल, त्याच्याही घरात पोरं असतील. पण स्पष्ट सांग, लोकांसमोर सांग. ते दोन भोवरे कॅम्पवर कुणाच्या मुलांना दिलेस? आजच्या आज परत माग आणि खड्ड्यात पूर. आणि चितारआळीचं मी लिहिलं होतं तेही आता विसर. ती माणसं प्रामाणिक आहेत, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की दात यायच्या वयात तोंडात जाणाऱ्या वस्तूला कसलाच रंग नको. काही द्यायचंच असेल तर त्यांच्याकडून घासलेलं कोरं लाकूड घे. हो, कोरं. दिपाच्या आईला म्हणावं, हे दुसऱ्या कुणाच्या पोराला आधी मिळणार नाही.

दिपाला सगळं सांग, पण माहेरच्यांसमोर नको, आणि मुलीला मांडीवरून खाली ठेवल्यावर सांग.

आत्ता लिहिता लिहिता मी त्याला हाक मारली. “प्रितम, ए राजा.” त्याने मान वळवली नाही. कदाचित औषधाची गुंगी असेल. हे म्हणाले, गुंगीच आहे. पण बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी पुन्हा हाक मारली नाही, कारण पुन्हा नाही वळला तर मग काय करू? तशीच बसून राहिलेय. हाक मारायचीच भीती वाटते रे.

तुझ्या आवाजाला तो नेहमी वळायचा. तू दारातून “प्रित्या” म्हणालास की हातातलं टाकून रांगत यायचा. म्हणून लिहिते, बारशाच्या आधी एकदा इथे ये. सासूबाई काय बोलायचं ते बोलतील, तू खाली मान घालून ऐकून घे. पण त्याच्यासाठी काही म्हणजे काही आणू नकोस. फळ नको, खाऊ नको, कुठल्या गावचं काही नको. रिकाम्या हातांनी ये आणि त्याला हाक मार. मी बाजूला उभी राहून बघेन.

वाट बघणारी,
प्रितमची आई