हे दौऱ्यावर असायचे

९ जानेवारी
मृण्मयी चपला न काढताच आत आली. "काकू, घेतलं आपल्याला! पुण्याच्या फेस्टिव्हलनं घेतलं!" मी पोहे परतत होते, झारा हातात तसाच. समोरच्या घरातली ही पोरगी सहावीत माझ्याकडे संस्कृत शिकली, मग सिनेमा शिकून आली, आणि इथेच उज्जैनला, माधव नगरात मित्रमंडळी जमवून जासूसी पिक्चर काढला. नाव ‘दौऱ्यावर’. त्यात हेराची बायको मी. बासष्टाव्या वर्षी! गणपतीतल्या नाटकांपलीकडे आयुष्यात काही केलं नव्हतं.
ह्यांनी पेपरामागून विचारलं, "पण स्टोरी काय आहे?"
म्हटलं, टेलिफोन खात्यातला एक माणूस, तो हेर असतो.
"टेलिफोनमधला? मग मलाच घ्यायचं ना!" खूप हसले. मीही हसले. पुढचं काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं…

१० जानेवारी
लिहून टाकते. गोष्ट मृ.ला मीच दिली.
नोकरीत असताना हे वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि चैत्रात, आठ-आठ दिवस दौऱ्यावर जायचे. लाइन इन्स्पेक्शन. पत्ता नाही, फोन नाही. आमची लेक शलाका चौथीत होती, टायफॉइडनं फणफणली, तेव्हा शेजारून ऑफिसला फोन लावला. पलीकडून कोणी म्हणालं, "भाभीजी, वो तो छुट्टी पर हैं." मी फोन ठेवला. हे आल्यावर विचारलं नाही. आज विचारू, उद्या विचारू, करत शलाकाचं लग्नसुद्धा झालं.
मृ.ला चहा पिता पिता हे हसत सांगितलं होतं. "काय माहीत, हेरबीर असतील तुझे काका!" तिचे डोळे असे चमकले की बस. दोन वर्षांनी स्क्रिप्ट घेऊन आली.
हेर म्हटलं, कारण माझ्या मनात जे होतं ते त्या पोरीला कसं सांगणार? दुसरं घर. भोपाळला की नागपूरला, एवढंच ठरत नव्हतं.

२ फेब्रुवारी, पुणे
हॉल जवळजवळ भरलेला. हे तिसऱ्या ओळीत, ब्लेझर घालून. स्वतःचा चेहरा एवढा मोठा बघवत नाही. तरी बघितलं.
फोनचा सीन आला. पडद्यावर मी रिसीव्हर धरून उभी, आवाज येतो, "वो तो छुट्टी पर हैं." मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.
नंतर प्रश्नोत्तरं. एका मुलानं विचारलं, हे इतकं खरं कसं वाटतं? मृ.नं माइक घेतला आणि म्हणाली, "कारण ते खरंच आहे. सुधाकाकूंच्या घरातलं आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेसुद्धा वाजवत होते.
मृ.चा राग आला. पण कोणत्या तोंडानं रागवू?

३ फेब्रुवारी, गाडीत
सकाळपासून हे खिडकीबाहेर बघत होते. मध्येच, मान न वळवता: "शलाकाला टायफॉइड झाला होता तेव्हा?"
"हो."
"मतलब तेव्हापासून तुला माहीत आहे."
"काय माहीत आहे? मला काहीच माहीत नाही."
बस. मग दाणे घेतले, मला अर्धे दिले. उज्जैन यायला आलं, तरी दाण्यांबद्दलच बोलतायत.

११ फेब्रुवारी
इथल्या हिंदी पेपरात छापून आलं. "उज्जैन के परिवार की सच्ची कहानी." सच्ची! फ्रीगंजच्या दुकानदारानं सुपारी बांधता बांधता विचारलं, "भाभीजी, साहब कौन-से देश जाते थे?" राम घाटावर ह्यांची रिटायर लोकांची सकाळची चौकडी बसते, ते ह्यांना एजेंट साहब म्हणायला लागलेत.
आणि हे? नाही म्हणत नाहीत! गालातल्या गालात हसतात. जणू मेडल मिळालंय.
मी एवढी वर्षं गिळून बसले त्याची ह्यांना गंमत वाटते आहे. की ते लपवायला हसतायत? की खरंच हेर होते? कधी कधी वाटतं, असावेत. असते तर किती बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी
शलाकाचा बंगळुरूहून फोन.
"आई, बाबा खरंच…?"
"मला माहीत नाही."
"असं कसं? चाळीस वर्षं एका घरात राहता तुम्ही."
"हो ना."
"तू विचार."
"तू विचार, तुझे वडील आहेत."
मग तिनं विचारलं, बी.पी.च्या गोळ्या घेतेस ना.

१ मार्च
पिक्चर कोलकात्याला दाखवला. मी गेले नाही. मृ.नं तिथलं परीक्षण मोबाइलवर वाचून दाखवलं. मालती, मतलब मी, शेवटपर्यंत नवऱ्याला काही विचारत नाही, त्या न विचारण्यात म्हणे मोठी ताकद आहे.
दिवसभर तेच डोक्यात. ताकद होती? मला तर भीती आठवते. उत्तर आलं असतं तर लेक घेऊन जायचं कुठे?

२२ मार्च
आज फ्रीगंजच्या हॉलमध्ये अकराचा शो. अख्खं गाव लोटलं, मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या बायका. पिक्चर संपल्यावर लोकांनी ह्यांना ओढून स्टेजवर नेलं. हे म्हणाले, "मैं टेलीफोन में था. खंभे गिनता था." हशा, टाळ्या, शिट्ट्या.
मग मागून एका मुलीनं मला विचारलं, "आंटी, आपको कभी शक नहीं हुआ?"
माइक हातात होता. "हुआ था. आज भी है."
ह्यांचं हसू गेलं. मृ. घाईघाईनं म्हणाली, "यही तो हमारी फिल्म है!" आणि पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं मी डायलॉग म्हटला.

२३ मार्च
दुपारी हे मटार सोलत होते. मी समोर जाऊन बसले. मीही एक मूठ शेंगा घेतल्या.
"अहो, कुठे जायचात?"
हे सोलत राहिले.
"बाई होती का कुणी?"
आता मात्र मान वर केली. इतकं आश्चर्य मी ह्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नाही. "तुला असं वाटायचं? एवढी वर्षं?"
"मग काय वाटायला पाहिजे होतं?"
मटार बाजूला सारून म्हणाले, "आता तोंडानं सांगितलं तर तुला ते पिक्चरसारखंच वाटेल. चल, दाखवतो. मग काय विचारायचं ते विचार."
नाही म्हणाले नाहीत. आत्ता लिहिताना लक्षात आलं. होही म्हणाले नाहीत.

२७ मार्च
ह्यांनी सहा एप्रिलची तिकिटं काढली. बैतूल. भोपाळला गाडी बदलायची. बैतूलला आमचं कुणीही नाही. माझ्या डोक्यातल्या कुठल्याच यादीत बैतूल नव्हतं.

२८ मार्च
मृ. आली, आनंदानं नाचत. दिल्लीच्या फेस्टिव्हलमध्ये अ‍ॅक्टिंगसाठी माझं नाव आहे. शेवटच्या पाचात. तारीख तीच, सहा एप्रिल. म्हटलं, मी नाही येत.
"काकू! असं परत होणार नाही."
"ह्यांच्याबरोबर जायचं आहे."
तिला कळलं असावं. माझ्याजवळ बसली. "काकू, नका ना विचारू काकांना. मालती विचारत नाही, हीच तर तिची ताकद आहे."
"मालतीची असेल गं."
रडली. सॉरी म्हणाली, पुण्यात बोलायला नको होतं. तिला जवळ घेतलं. राग कधीच गेला होता. खरं तर दिल्लीला जायची फार इच्छा आहे. ती गेल्यावर कपाटातून साडीसुद्धा काढून बघितली मी, कुणाला न सांगता.

६ एप्रिल, भोपाळ स्टेशन
गाडी लेट. बाकावर बसून लिहून राहिले आहे. मृ.चा मेसेज आला, हॉलमध्ये पोचली, माझ्या नावाच्या खुर्चीचा फोटो पाठवला. बघून फोन पर्समध्ये टाकला.
हे चहा घेऊन आले. बसले. मी न विचारताच म्हणाले, "तिथे गेल्यावर तू पहिल्यांदा आत जा. मी बाहेर थांबतो."
"आत कोण आहे?"
"आता एक म्हातारी आहे फक्त. ती ओळखेल तुला."
"मला? कशी काय?"
"नाव माहीत आहे तिला तुझं. शलाकाचंही."
किती प्रश्न होते, एवढ्या वर्षांचे. आणि तोंडातून काय निघालं? "म्हातारी म्हणजे केवढी म्हातारी? माझ्याएवढी?"
हे माझ्याकडे बघतच राहिले. मग हसत सुटले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. ते हसण्याचंच पाणी होतं का, कळत नाही.
गाडीची अनाउन्समेंट झाली. हे उठलेत, मला हात देतायत.