पाठीला माती

अब्बा, तुम्हाला पुरलं तेव्हा मी तिथे नव्हते. आपल्याकडच्या बायका कबरीपाशी जात नाहीत, म्हणून अम्मी आणि मी इंग्लंडातल्या या कॉव्हेंट्रीच्या कब्रस्तानाबाहेर गाडीत बसून होतो. काचेवर वाफ धरलेली. ती पुसून मी पाहते आहे: पुरुषांच्या पाठी, काळे कोट, मधलं काही दिसत नाही. तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळताना म्हणाला होतात, "इथं पेटीत पुरतात. मला तसं नको. नुसत्या कफनात ठेवा, पाठीला माती लागू दे." अम्मी म्हणाली, "आधी ओट्यावर सांडलेला चहा पुसा." भाऊ मात्र लगेच म्हणाला होता, "तसंच करू, अब्बा."

दफन झाल्यावर भाऊ गाडीत येऊन बसला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "मातीतच ठेवलं. पेटी मशिदीत परत गेली." विचारायच्या आत म्हणाला, म्हणूनच मला शंका आली. तुमचा शेवटचा रिपोर्ट चांगला आलाय, हेही तुम्हाला त्यानेच सांगितलं होतं, याच आवाजात. पुढे मी मशिदीत गेले. मय्यतीची व्यवस्था पाहणारे चाचा म्हणाले, "बेटी, दुवा कर. हे आता कशाला विचारतेस?" हे उत्तर नव्हतं. तेव्हापासून भाऊ काहीही सांगू लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत बसते.

गेल्या महिन्यात अम्मी गेली. या वेळी मी कबरीपाशी उभी राहणार, असं मी भावाला सांगितलं. "आपा, आज इश्यू करू नकोस ना. लोक बोलतील."

"बोलू देत."

आठवडाभर पाऊस होता. कबरीच्या तळाशी पाणी साचलं होतं, एका बाजूची माती ढासळत होती. इमाम हळूच म्हणाले, जमीन इतकी ओली असेल तर पेटीसकट पुरलेलं चालतं. भाऊ माझ्याकडे पाहत राहिला. मी मान डोलावली. अम्मी पेटीसकट खाली गेली. मी मूठभर माती टाकली, ती लाकडावर वाजली.

संध्याकाळी रत्नागिरीहून खालाचा फोन आला. "माझ्या बहिणीला पेटीत नाही ना घातलं?"

"नाही, खाला."

"मग बरं."

भाऊ समोरच बसला होता. त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

तुमच्या वेळी काय झालं ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. आता विचारलं तर तो खरं सांगेल.