चरावरची वांगी

मार्गशीर्ष वद्य पंचमी, १९५४
दिवेलागण

आज आईनं चरावरचं वांगं तोडलं. स्वतःच्या हातानं.

दोन वर्षांपूर्वी पवनारच्या शिबिरात चराचा संडास शिकून आलो. परसात चर खणला आणि घरचा मैला रोज मीच मातीनं झाकत गेलो. कुणब्याच्या पोरानं हे काम करावं, याची आईला लाज वाटली. चर भरला तसा शेजारी नवा खणला; जुना वर्षभर मुरला, मग त्यावर वांगी लावली. बाकीच्या परसातली झाडं गुडघ्याएवढी, चरावरची कमरेला लागतात. पण आई म्हणाली, "मी नाई खात त्या मातीतलं." मी आणि बायको भरीत खायचो, ती चटणी-भाकर. मला घास गोड लागेना. शिकून आलो आणि आईचं ताट वेगळं केलं, हेच का माझं शिक्षण?

आज ती चरावरच्या वांग्यांपाशी बसलेली दिसली. मूठभर माती नाकापाशी धरलेली.

"वासच नाई रे याले. मातीचाच वास येऊन राह्यला."

"मंग मी काय सांगत होतो, आई?"

"तू सांगत होता. माती कुठं बोलली होती?"

मोठं वांगं तोडून तिनं आधी देवापुढं ठेवलं, मग भाजलं. तिघं एकत्र जेवलो. केवढे उपकार त्या मूठभर मातीचे.

जेवल्यावर आठवलं, नव्या चरावर आजची माती टाकायची राहिली. गेलो, तर कोणीतरी आधीच टाकली होती. फावडं धुऊन भिंतीशी उभं केलेलं.

फावडं धुऊन ठेवायची सवय आमच्या घरात फक्त आईला आहे.