‘पाहुणे’ हा शब्द वगळून

कडी आतून घातली. आनंदराव पडवीत उभा राहून दार वाजवतो आहे. वाजवू दे. दार सागाचे आहे.

“मामा, कागुद करायचा तर मला इचारून करा. म्या घरचा मानूस हाय.”

“घरचा हाईस म्हनून तर बाहेर ठिवलाय,” मी आतून सांगितले.

साक्षीला बसलेला चिमाजी हसला. तो मेंढरांमागे डोंगर हिंडणारा माणूस. त्याला दाराबाहेरच्या अध्यक्षांची भीती नाही. दुसरे साक्षीदार सावळाराम गुरव हसले नाहीत. त्यांना देवळाच्या पायरीवर रोज अध्यक्षांचे तोंड पाहावे लागते.

तर मी, कोंडिबा नाथाजी दामगुडे, धंदा शेती, राहणार मार्गासनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. कफ छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी दारू पाजलेली नाही. धाक घालणारा दाराबाहेर आहे. खाली लिहिलेली मिळकत माझ्या कष्टाची आहे, वडिलोपार्जित नाही. वडिलोपार्जित होती ती भाटघरच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. तिच्यावर कोणाला हक्क सांगायचा असेल त्याने पोहायला शिकावे.

कलम पहिले. राहते घर, परडे आणि घरातील भांडीकुंडी माझी सून ठकुबाई हिला. माझा मुलगा भीमा तापाने गेला तेव्हा तिचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती म्हणाली, “मामंजींच्या भाकरीचं काय?” एवढेच. भाऊ परत गेले. त्यानंतर या घरात तिच्या त्यागावर कोणी भाषण केलेले नाही, म्हणून घर नीट चालले.

कलम दुसरे. ओढ्यालगतचे भाताचे खाचर तिलाच. त्यात आंबेमोहोर लावावा. वास साऱ्या गावाला जातो आणि फुकट जातो. गावाला माझ्याकडून तेवढे पुरे.

मी या गावात धरणामुळे आलो. मार्गासनी हे माझ्या बायकोचे, चंद्राबाईचे, माहेर. आमची बैलगाडी वेशीत शिरली तेव्हा चार शहाणे नारळ घेऊन उभे होते. तुमच्यावर मोठा अन्याय झाला, असे ते म्हणाले. मग मी गुरे चरायला कोणत्या माळावर सोडू असे विचारले, तेव्हा त्या चौघांना एकदम कामे आठवली. त्या दिवसापासून मला ‘बुडीतवाला’ म्हणतात. चंद्राबाई गेली त्या दिवशीही कोणीतरी म्हणाले, “बुडीतवाल्याची बायकू गेली.” ती याच गावात जन्मली होती.

कलम तिसरे. नांगर, पाभर, कुळव ठकुबाईकडे राहतील आणि ती सांगेल त्याने चालवावेत. माझे कांबळे चिमाजीला दिले असते, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे म्हणतात. त्याने ते मी जिवंत असताना उचलून न्यावे.

कलम चौथे, आनंदरावासाठी. तो चंद्राबाईच्या भावाचा मुलगा आणि ‘निर्वासित स्वागत मंडळ, मार्गासनी’ याचा अध्यक्ष. गेल्या माघात त्याने स्वागताची कमान उभारली. तिचे कळक माझ्या बांबूच्या बेटातले होते, न विचारता तोडलेले. ती कमान मी त्याला देतो. कमानीखाली केलेले भाषणही त्यालाच परत. माझ्या कानात ते उगाच जागा अडवून आहे. याखेरीज त्याला काही नाही.

हे कलम रागाने लिहिलेले नाही. कारण देतो.

कापूरहोळहून मोटार आली. तिच्यातून एक नवराबायको उतरले, खेमचंद आणि जेठीबाई. सिंधमधले, शिकारपूरचे. तिथे त्यांचे कापडाचे दुकान होते. आता एक ट्रंक होती. आमच्या लोकांना वाईट वाटले. मोटारभर माणसे येतील म्हणून लेझीम बोलावले होते आणि उतरली दोघे. तरी लेझीम खेळले. हार जास्त झाले, ते मंडळाच्या सभासदांनी एकमेकांना घातले.

मग आनंदरावाने सांगितले की या माणसांना निर्वासित म्हणायचे नाही, पाहुणे म्हणायचे. टाळ्या पडल्या. माझ्याही पडल्या. शब्द चांगला आहे. आपल्याकडे पाहुणा म्हणजे देव. देवाला आपण काय देतो, हे मात्र तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

पहिल्याच सकाळी जेठीबाई घागर घेऊन विहिरीवर गेली. आनंदरावाची बायको बनाबाई हिने घागर हातातून काढून घेतली. “अगं बया! पाव्हण्यांनी पानी भरायचं व्हय? बसा तुमी!” जेठीबाई त्यांना उतरायला दिलेल्या धर्मशाळेत जाऊन बसली. पाणी दुपारी आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. पुढे बनाबाईला लग्नाला जायचे होते.

खेमचंद काम मागत फिरला. बांध घालतो म्हणाला, दगड उचलतो म्हणाला. प्रत्येक दारात त्याला घोंगडी अंथरून मिळाली. “पाव्हणं, बसा की. पाव्हण्याला कामाला लावलं तर चारचौघांत त्वांड कसं दावायचं?” घोंगडीवर बसून माणसाचे पोट भरत नाही. जेवायला घरे वाटून दिली होती. आधी गोड झाले, मग भाकरी झाली, मग ज्याची पाळी तो नेमका पासलीला सोयऱ्यांकडे गेलेला असे. इतक्या मानाने माणसे उपाशी ठेवलेली मी पाहिली नव्हती. आमच्या वेळी उपाशी राहिली ती फक्त गुरे.

शिमगा झाला तशी कुजबुज सुरू झाली. पाहुणा किती दिवस राहतो? तोंडाने ‘जा’ म्हणणे आमच्या रीतीत बसत नाही. आम्ही रीतीने घालवतो. बनाबाई चार सुवासिनी घेऊन धर्मशाळेत गेली आणि जेठीबाईची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. निघालेल्या बाईची भरतात तशी. आनंदराव बाहेर मोटारीच्या वेळा सांगत उभा होता.

जेठीबाईला त्यातले काय कळणार? तिने ठकुबाईला गाठून विचारले, “ये क्या हुआ, बहन? क्या बोलते हैं?”

ठकुबाईला हिंदुस्थानी येत नाही, पण प्रश्न कळला. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “ऱ्हावा म्हनत्यात.”

ऱ्हावा. जेठीबाईने तो शब्द पुन्हा म्हणून पाहिला. मग रडली. नारळ फोडून तिने साऱ्या आळीला वाटला. पहिला तुकडा बनाबाईला. खणाची चोळी शिवली आणि ती घालून आठवड्याने विहिरीवर गेली.

“अवं, वटी भरली की वो त्यांची!” बनाबाई नवऱ्याला म्हणाली. “अजून कशी हितंच?”

“रीत कळत न्हाई त्यास्नी,” आनंदराव म्हणाला.

मी तिथेच होतो. म्हणालो, “त्यांना कळंना हे बरंय. तुला कळती तर तू कंचा उजेड पाडलास?”

त्याच दिवशी मी दोघांना माझ्या रानातल्या खोपटात आणले. आनंदराव धावत आला. “मामा, मंडळाचं पाव्हणं तुमी पळीवलं!” जशी मी त्याची कोंबडी चोरली होती.

कलम पाचवे. ओढ्याकाठचे खोपट आणि त्यापुढील वरकस जमिनीचा तुकडा, पूर्वेस ओढा, पश्चिमेस कळकाचे बेट, उत्तरेस ठकुबाईचे खाचर, दक्षिणेस गाडीवाट, खेमचंद आणि जेठीबाई या उभयतांना, वंशपरंपरा, झाडाझुडपांसह. त्यांनी तो पिकवावा, विकावा, पडीक ठेवावा. शहाणपणा सांगायला मी नसेन आणि दुसऱ्या कोणाला मी नेमलेले नाही.

हा तुकडा त्यांना दयेने दिलेला नाही. खेमचंदने पावसाआधी माझे ढासळलेले ताल, म्हणजे बांधाच्या दगडी भिंती, रचून दिले. जेठीबाई आता लावणीला उतरते. लावणी वाईट करते. पहिल्या दिवशी तिची निम्मी रोपे पाण्यावर तरंगली आणि ठकुबाईने शिव्या देत पुन्हा रोवली. मला बरे वाटले. पाहुण्याला कोणी शिव्या देत नाही.

आता आजचे. मंडळाने वरून सरकारी चिठ्ठी आणली आहे. ज्या निर्वासितांना स्वतःची जागा नाही त्यांना छावणीत पोचवायचे, उद्या मोटार येणार. आनंदराव दुपारी हे सांगायला आला, तेव्हा जेठीबाई चुलीपाशी होती. तिने ट्रंकेकडे पाहिले. ट्रंकेवर ठकुबाईने हरभऱ्याची डाळ वाळत घातली होती. जेठीबाई ती गोळा करू लागली, दाणा दाणा.

म्हणून हा कागद आज. माझ्या हयातीत ती दोघे माझ्या जागेत माझ्या राजीखुशीने आहेत, हे मोटारवाल्याला वाचून दाखवावे. माझ्यामागे जागा त्यांची आहे. मी उद्या मेलो तर उद्यापासून.

“मामा,” आनंदराव दाराबाहेरून आता हळू बोलतो आहे, “परक्याला जिमीन? आत्याच्या जीवाला काय वाटंल?”

“तिला ईस वरसं बुडीतवाल्याची म्हनत हुता तुमी. ती तुझ्याकडं न्हाई यायची सांगायला.”

कलम सहावे. माझ्या मयताला मंडळाने शोकसभा घेऊ नये. कमान तर मुळीच नको.

कलम सातवे. या कागदात त्या दोघांना कुठेही, दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवले त्याखेरीज, पाहुणे म्हटलेले नाही. वाचणाऱ्याने ते मनानेही घालू नये. ते मार्गासनीचे राहणार आहेत. गावाला हे पटत नसेल तर गावाने माझ्याकडे तक्रार करावी. मी कुठे असेन ते सावळाराम गुरव सांगतील, त्यांचा तो धंदा आहे.

वर लिहिले ते वाचून, उमजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो. ते माझ्यासमोर करतील. मग कडी काढू.

कोंडिबा नाथाजी दामगुडे
मु. मार्गासनी, जिल्हा पुणे
ता. १७ जुलै १९४८

साक्ष:
सावळाराम गेनू गुरव
चिमाजी हैबती कोकरे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

टीप, सावळाराम गुरव याच्या हातची:

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. कोंडिबांना ताप होता, ते घरीच होते. कागद घेऊन मी गाडीवाटेवर गेलो. पाऊस होता. ओढ्याकडच्या खाचरात लावणी चालू होती, गावातल्या बऱ्याच बाया इरली घेऊन ओणव्या होत्या, खेमचंद आणि जेठीबाईही त्यांतच, आणि इरल्यांखाली कोण कुठले ते ओळखू येत नव्हते. बनाबाईही होती. ड्रायव्हरने विचारले, न्यायची माणसे कुठली? आनंदरावांनी बांधावरून जेठीबाईंच्या नावाने हाक मारली. कोणीही पाठ वर केली नाही. त्यांनी बनाबाईला हाक मारली. तिनेही केली नाही. कागद वाचून दाखवण्याची वेळ आली नाही. मोटार रिकामी गेली.