कन्नडची गाडी ऐकू आली नाही

अण्णा, गारखेड्याच्या घरातला तुमचा जुना कॉम्प्युटर काल भंगारात द्यायला काढला. पुसता पुसता सहज चालू करून बघितला, तर घरघर करत का होईना, चालू झाला. म्हणून हे लिहितोय.

बसस्टँडच्या चौकशीखिडकीत गाड्या पुकारता पुकारता तुम्ही रिटायर झालात, तेव्हा सोबत्यांनी तुमच्याच आवाजाची कॅसेट भरून दिली होती. ती कॉम्प्युटरवर मीच उतरवली, माऊस धरायलाही मीच शिकवलं. मग काय, सकाळचा चहा झाला की तुम्ही कॉम्प्युटरपुढं आणि घरभर तुमचा आवाज, "कन्नडला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे." कानाला जरा कमी यायला लागलेलं, म्हणून आवाज फुल्ल. फर्दापूरची गाडी शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झाली होती. त्याच खोलीत मी बँकेच्या परीक्षेची गणितं घेऊन बसलेला. मी आवाज बंद केला की कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून तुम्ही परत चालू करायचात. तेही मीच शिकवलेलं.

एका सकाळी माझं डोकं फिरलं. तुम्ही अंघोळीला गेलात तसा कॉम्प्युटर बंद करून परत लावला, सुरू होता होता डिलीटचं बटण दाबलं आणि मूळ सेटिंगचा जो निळा पडदा येतो त्यात शिरून आतलं आवाजाचं यंत्रच बंद करून ठेवलं. तिथवर तुम्ही पोचणार नव्हतात. परीक्षा झाली की चालू करू, असं मनाशी म्हटलं.

तुम्ही येऊन बसता. पडद्यावरची पट्टी सरकतेय, आवाज नाही. वायर हलवून बघता, कोपऱ्यातनं गायब झालेलं ते स्पीकरचं चित्र शोधता, चष्मा पुसून परत शोधता. मग माझ्याकडं वळून विचारता, "तुला येतंय का रं ऐकायला?" वहीतून मान वर न करता मी म्हणतो, "येतंय की." बिघडलंय म्हणालो असतो तरी भागलं असतं ना, अण्णा. पण चिडलो होतो. तुम्ही नुसतं "असं व्हय" म्हणालात आणि उठलात.

त्या दिवसापासून तुम्ही स्वतःला बहिरं धरलं. स्टँडसमोरच्या टपरीवर जाणं सोडलं, फोन वाजला की आईच्या हातात द्यायला लागलात, कुणी बोललं की नुसतं हसायचात. पहिल्या पगारात मी कानाचं मशीन आणलं. ते लावल्या लावल्या तुम्ही आईला म्हणालात, "कुकर लई जोरात वाजतोय की गं." एवढे खूश, की तसेच उठून कॉम्प्युटरपुढं बसलात. मी दारात उभा होतो. थोड्या वेळानं तुम्ही मशीन काढून डबीत ठेवलंत. "बाकी सगळं येतंय," म्हणालात, "माझाच आवाज तेवढा येईना."

तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. गुपचूप चालू करता आलं असतं, पण मग "येतंय की" कसं काय म्हणालास, हे तुम्ही विचारलं असतं. त्या एका प्रश्नाला भ्यालो, आणि तुम्ही गेलात तोवर भीतच राहिलो.

काल कॉम्प्युटर चालू झाला तसा ते आतलं आवाजाचं यंत्र चालू करायला बसलो. बघतो तर स्पीकरचं चित्र कोपऱ्यात परत आलेलं. त्या सेटिंग लक्षात ठेवणारा आतला सेल कधीचा संपलाय, त्यामुळं मी आवाज बंद केला होता हे कॉम्प्युटर आपला आपण विसरून गेलाय. म्हणजे तेवढंसुद्धा माझ्या हातून झालं नाही. आत्ता कन्नडची गाडी लावलीय, पट्टी सरकतेय. स्पीकर मांडीवर आहेत, वायर हातात आहे. अजून जोडलेली नाही, अण्णा.