नामदिनाला घरी नसणे

झामोश्च, १६ सप्टेंबर

प्रिय सालोमेआ,

अनेक आशीर्वाद. माझी प्रकृती ठीक आहे. तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, असे धरून चालतो.

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की, शहात्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, निवृत्त तर्कशास्त्र-शिक्षकाने सप्टेंबरअखेरीस क्राकूव पाहायला जाणे हा वेडेपणा नसून पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय आहे. परवा फोनवर तू तीन आक्षेप घेतलेस आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवलास. वादाची ही रीत मी वर्गात कधी चालू दिली नाही.

पहिला आक्षेप खर्चाचा. माझ्या निवृत्तिवेतनात क्राकूव बसत नाही, असे तुझे म्हणणे. ज्याला मोठ्या चौकातच जेवायचे आहे, त्याला ते बसणार नाहीच. मी उन्हाळ्यातली गर्दी ओसरल्यावर जातो आहे. तिकीट बरेच आधी काढल्यामुळे स्वस्तात मिळाले. परत करता येत नाही, एवढीच त्याची अट. मुक्काम नन्सच्या मठातल्या अतिथिगृहात: पलंग, खुर्ची, भिंतीवर क्रूस, आणि रात्री दहाला फाटक बंद. दहानंतर क्राकूवमध्ये मला काही काम नाही. दुपारी एखाद्या जुन्या, स्वस्त दूध-बार खाणावळीत बटाटा भरलेल्या उकडीच्या पिएरोगी आणि बिटाचे सूप. वस्तुसंग्रहालये आठवड्यातून एक दिवस फुकट पाहता येतात. कोणते केव्हा, हे विचारून मी दिवसांचा क्रम लावला आहे. मारिया चर्चच्या मनोऱ्यावरची तुतारी तर दर तासाला फुकटच वाजते. गाडीत खायला उकडलेली अंडी घेणार आहे. आगगाडीत अंडी सोलणाऱ्यांकडे पाहून तुझी फेलित्सियावहिनी नाक मुरडायची. आता नाक मुरडायला शेजारी कोणी नाही.

दुसरा आक्षेप वयाचा. “दादा, वावेलच्या चढावर धाप लागली तर तुला कोण बघणार आहे?” असे तू विचारलेस. धाप लागली तर मी बसेन. टेकडीवर बाके आहेत. इथे तिसऱ्या मजल्यावर चढतानाही मला धाप लागते आणि तेव्हाही कोणी बघत नसते. तेव्हा धाप हे क्राकूवला न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप तू जाता जाता टाकलास. “क्राकूव काय पळून चाललंय? नेमकी तीस तारीखच कशी सापडली तुला?”

तीस सप्टेंबर म्हणजे ज्याच्यावरून माझे नाव ठेवले त्या संत हिएरोनिमचा दिवस, माझा नामदिन. त्या आठवड्यात खोली स्वस्त होती, असे मी तुला सांगितले. ते खरे आहे. पुढच्या आठवड्यातही ती तेवढीच स्वस्त होती, हे सांगितले नाही.

नामदिनाला आपण कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचे तो येतो. घरच्याने मेज मांडून दार उघडायचे. गेल्या वर्षीही मी मेज मांडले होते. फेलित्सिया गेल्यावरचा तो पहिलाच नामदिन. तिचा मोठा पांढरा टेबलक्लॉथ काढला, हेरिंग मासा तेल-कांद्यात मुरवला, बाजारातून पनीरचा केक आणला. दर वर्षी खुर्च्या कमी पडायच्या, म्हणून दोन स्टुलांवर इस्त्रीची फळी टाकून बाकही केले.

कोणी आले नाही. तूही नाही.

केक मी पुढचे काही दिवस न्याहारीला खाल्ला. न येण्याबद्दल तुला एका शब्दाने विचारले नाही, आणि तू म्हणतेस की वर्षभर दादा फोनवर हवामान खात्यासारखा बोलतो. मी निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो: माणसे फेलित्सियाकडे येत होती, माझ्याकडे नव्हे. निष्कर्ष एकदा स्वीकारला की त्याप्रमाणे वागावे. यंदा दारामागे बसून जिन्यावरची पावले ऐकायची नाहीत, असे मी ठरवले. म्हणून क्राकूव.

हे पत्र इथेच संपायचे होते. पण काल जिन्यात खालच्या मजल्यावरच्या एउलालियाबाई भेटल्या. हातातली नवी प्रवासी पिशवी पाहून त्यांनी कुठे निघालात म्हणून विचारले, मी सांगितले. त्यांनी भाजीची टोपली पायरीवर ठेवली.

“तीस तारखेला? प्रोफेसरसाहेब, शुद्धीवर आहात ना? सगळी बिल्डिंग वाट बघतेय. मी आलुबुखार व्होडकात भिजत घातलेत.”

गेल्या वर्षी बिल्डिंगला माझे दार सापडले नव्हते, असे मी म्हणालो.

त्या आवाज उतरवून म्हणाल्या, “गेल्या वर्षी तुमच्या गळ्यात काळा टाय होता. दुखवट्याच्या घरात कोण प्यायला येतं?”

वर्षभर मी तो टाय बांधला, सालोमेआ. तो दुसऱ्यांनाही दिसतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. तूही त्याच कारणाने आली नसणार, आणि ही गोष्ट थोरल्या भावाला समजावून सांगावी लागेल, असे तुला कशाला वाटावे?

तरीही मूळ सिद्धान्त मी मागे घेत नाही. मी क्राकूवला जाणारच. तिकीट परत होत नाही, आणि जागा खिडकीची आहे. नामदिनाच्या शुभेच्छा आठवडाभर चालतात, याची मी एउलालियाबाईंना आठवण करून दिली; परत आलो की मेज मांडीन, फळीही टाकीन. “फळी नको,” त्या म्हणाल्या, “तिच्यावरून आमचे हे एकदा पडलेत. खुर्च्या आम्हीच आणू.”

आता तुझ्यापुरते. मी तुला बोलावत नाही. नामदिनाला कोणाला बोलावायचे नसते. फक्त माहिती देतो. एकोणतीस तारखेची सकाळची क्राकूव गाडी तुमच्या जेशूफला थांबते. मी चौथ्या डब्यात असेन. वावेलवर बाके आहेत, हे वर लिहिलेच आहे. अंडी सहा उकडणार आहे. एकट्याला ती जास्त होतात की नाही, ते तूच पडताळून पाहा.

एक चूक मात्र लेखी मान्य करतो: लोकांनी राखलेला मान मी त्यांचा विसर समजलो. चूक एकच आहे. ती वर्षभर चालली. खाली सही करतो.

तुझा थोरला भाऊ,
हिएरोनिम झाविल्स्की