ओठ नसलेली भूमिका

४ फेब्रुवारी

काम मिळालं. सिनेमाचं डबिंग, मुख्य भूमिका — आणि पडद्यावर मी कुठेच नाही! नायक घरापासून लांब, कुठल्याशा बर्फाळ गावात नोकरीला असतो. त्याच्या फोनमध्ये बाईच्या आवाजात बोलणारं एक यंत्र आहे. त्याच्याशी बोलता बोलता हा गडी त्याच्या प्रेमात पडतो. ते यंत्र म्हणजे मी. त्याची खरी बायको तिकडे घरी बसलेली. तिच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा वाक्यं. ती एक नवीन मुलगी म्हणणार आहे.

दिग्दर्शक बाई म्हणाल्या, तुम्हाला तर सोपंच, ओठ जुळवायची भानगड नाही. खरं आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या ओठांमागे धावून जीव मेटाकुटीला आलाय.

सकाळी नवऱ्याला फोनवर सांगितलं. "अरे वा," म्हणाला. आणि लगेच, "गिझरवाला आला होता का?"

५ फेब्रुवारी

गिझरवाला आला नाही.

८ फेब्रुवारी

पहिला दिवस. काचेच्या पेटीएवढी खोली. एसी चालू ठेवला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, म्हणून बंद. घामाने हेडफोन कानाला चिकटले. एकच वाक्य पुन्हा पुन्हा. शेवटी काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, यंत्र दमत नसतं हो."

मी म्हटलं, यंत्राला सकाळी उठून डबा करावा लागत नाही. सासऱ्यांना आठवणीने गोळ्या द्याव्या लागत नाहीत. हसला बिचारा. पण वाक्य परत म्हणायला लावलंच.

मला आधी वाटलं होतं, यंत्र काहीतरी भारी बोलत असेल. तसं काही नाही. ते फक्त विचारतं, "आज काय झालं?" आणि उत्तराची वाट बघत थांबतं. एवढ्यावरच तो बाबा विरघळतो! आम्ही नवरा-बायको रोज एकमेकांना विचारतो — जेवलास का, जेवलीस का — आणि उत्तर यायच्या आत पुढच्या विषयावर. मी कधी उपाशी असते तर त्याला कळलंही नसतं.

११ फेब्रुवारी

नवऱ्याचा करार या महिन्याअखेर संपतोय. तो तिकडे परदेशात एका मोठ्या शीतगृहातली यंत्रं सांभाळतो, रात्रपाळीला. त्याची पाळी सुटते तेव्हा इथे सकाळ. त्यामुळे आमचा सगळा संसार मी डबा भरेपर्यंतच्या वेळात. आता आणखी तीन वर्षांची सही करायची, की परत यायचं?

"तू म्हणशील तसं," तो म्हणतो.

"तुला काय वाटतं?" मी म्हणते.

महिनाभर हेच चाललंय. मी 'ये' म्हटलं आणि इथे त्याला मनासारखं काम मिळालं नाही, तर जन्मभर ते माझ्या माथी. तो मनात कुढत बसेल, तोंडाने बोलणार नाही. ओळखते ना मी त्याला. की त्याला यायचंच नाहीये? हे विचारायची माझी छाती होत नाही. इथे लिहायला काय हरकत आहे — मला तो घरी हवाय. पैसा नको, मोठी जागा नको. तो हवाय.

१४ फेब्रुवारी

नवीन मुलगी रेकॉर्डिंगनंतर मला विचारत होती, "ही बायको सारखी करवादते का हो?" म्हटलं, लग्न झालं की सांग, मग बोलू.

सिनेमातली बायको फोनवर काय बोलते, तर छत गळतंय, मुलाला ताप आहे, तू केलेली सही बँकेत जुळत नाही. दिग्दर्शक बाईंना ती रुक्ष वाटायला हवी आहे. मला आज त्यांचा चांगलाच राग आला. बाई एकटीने सगळं घर ओढतेय. तो फोन लागतो तेवढ्या वेळात छताचं बोलायचं की प्रेमाचं? यंत्राला छत नाही. त्याला गोड बोलायला काय जातंय? आणि गोड बोलून तिचा नवरा पळवायचे पैसे मी घेतेय.

१७ फेब्रुवारी

घसा बसला. कोमट पाणी, गुळण्या.

अण्णांना — म्हणजे सासऱ्यांना — हल्ली कमी ऐकू येतं. मी स्वयंपाकघरात वाक्यांचा सराव करते, ते त्यांना पुसट पुसट ऐकू येतं. त्यांना वाटतं, मी त्यांच्या मुलाशीच बोलतेय. "किती बोलता रे तुम्ही दोघं," म्हणतात आणि खूश होऊन पेपर वाचतात. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. घरात एक तरी माणूस सुखी असू दे.

२० फेब्रुवारी

मोठा गोंधळ झालाय.

सकाळी त्याचा फोन आला तेव्हा नेहमीप्रमाणे फोन डब्याला टेकवून ठेवला होता. बोलता बोलता त्याचं चित्र थिजलं, मग पडदा काळा. "ऐकू येतंय का?" मी दोन-तीनदा विचारलं. काही नाही. म्हटलं, गेला. हे आमचं रोजचंच. आज तो महत्त्वाचा प्रसंग होता, यंत्र प्रेमाची कबुली देतं तो. दिग्दर्शक बाईंनी कागद घरी दिले होते. काढले आणि लागले म्हणायला — "तू गप्प असलास तरी मी फोन ठेवत नाही. तुझ्या खोलीतला पंखा ऐकत बसते. मला तुझी खुशाली नको, मला तू हवा आहेस." असं बरंच. सगळं पान. चांगलं जमलंही, घसा बसलेला असून. मग अण्णा दारात येऊन काहीतरी विचारून गेले. कागद पिशवीत कोंबले आणि स्टुडिओत गेले.

दुपारी मधल्या सुट्टीत फोन पाहिला. त्याचा निरोप: "सगळं ऐकलं. सही करत नाही. घरी येतोय."

फोन कट झालाच नव्हता. त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नव्हता, एवढंच. माझा त्याच्यापर्यंत जात होता.

रेकॉर्डिस्टने विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" म्हटलं, छान वाटतंय. आणि खरंच वाटत होतं, तासभर. मग उतरलं.

२१ फेब्रुवारी

त्याला बोलावलं ते यंत्राने. मी नाही.

२३ फेब्रुवारी

अण्णांनी कपाटातला त्याचा कप्पा रिकामा केला. स्वतःचे स्वेटर उचलून पलंगाखाली ठेवले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "मला काय, दोन कपडे."

माझ्या बहिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तोंड शिवून बस. आधी घरी येऊ दे त्याला." पटलं होतं, घरी पोचेपर्यंत पटत होतं. पण तो येईल, चार दिवस कौतुकाचे जातील. आणि मग? मी सकाळी उठून गिझरचं बोलणार. तो माझ्या तोंडाकडे बघत बसणार, ती पंखा ऐकणारी बाई कुठे गेली म्हणून. तिच्यासाठी नोकरी सोडलीस, आणि ती नाहीच आहे — हे त्याला वर्षभराने कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. आज त्याच्या हातात सही तरी आहे.

२४ फेब्रुवारी

डबिंग संपलं. दिग्दर्शक बाईंनी कबुलीचा प्रसंग ऐकवला. एवढी मायेने बोलणारी ती कोण आहे, मलाच ओळखू येईना. मी त्याच्याशी असं का नाही बोलले कधी? येत नव्हतं असं तर नाही. दमलेली होते, बास. दमलेलं माणूस कामापुरतं बोलतं. त्यात प्रेम नसतं असं नाही, पण समोरच्याला ते कसं कळावं?

उद्या सांगून टाकणार. झोप नाही धड, भूक नाही.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. ते काही माझं नव्हतं, सिनेमातलं होतं म्हटलं. अजून वेळ आहे, हवी तर सही कर.

"माहितीये," म्हणाला. तो सिनेमा त्याने तिकडे मूळ भाषेत केव्हाच पाहिलाय. दुसऱ्या वाक्यालाच ओळखला. मला हाकाही मारल्या, पण मला ऐकू जात नव्हत्या. मग ऐकत बसला.

"अरे, मग येतोस कशाला?"

या वेळी मी उत्तर येईपर्यंत थांबले.

"पान संपल्यावर अण्णा आले ना. फोनवर मीच आहे का म्हणून विचारलं. तू मोठ्याने म्हणालीस, कोणी नाही अण्णा, कोणी नसतंच. ते सिनेमात नाहीये."